आरसा मांडण्याआधी

पॅरालिसिसने आईची डावी बाजू गेली त्याला आता तिसरा महिना. पाय बऱ्यापैकी टाकते, हात मात्र मांडीवर पडून असतो. फिजिओ म्हणाल्या, आता घरी आरशाचे व्यायाम सुरू करू, म्हणजे चांगला हात आरशात बघत हलवायचा. मी तिथूनच काचवाल्याकडे निघालो होतो. त्यांनी थांबवलं आणि आधी आईलाच तपासलं. अर्धा तास खुर्चीत बसवतं का, सांगितलेलं समजून करता येतं का, उजवा हात न दुखता मोकळा हलतो का, आणि डावीकडचं नीट दिसतं का. पॅरालिसिसनंतर काहींची अर्धी नजर जाते, काहींचं एका बाजूला लक्षच जात नाही. तसं असेल तर मांडणी वेगळी लागते, आणि ती आपल्या मनाने ठरवू नये.

आरसा आम्ही दीड बाय दोन फुटांचा घेतला. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतचा हात एका नजरेत मावला पाहिजे. न फुटणारा म्हणून आधी प्लॅस्टिकचा पातळ आरसा आणला होता, त्यात मनगट पाण्यात बुडाल्यासारखं वाकडं दिसायचं. शेवटी काचेचाच घेतला. कडा घासून घेतल्या, वर जाड चिकटपट्टी लावली, कारण अशा हाताला कापलं तरी पटकन कळत नाही. आरसा डब्याला टेकवून ठेवू नका. सुताराकडून खाच पाडलेले दोन ठोकळे करून घ्या, त्यात तो घट्ट उभा राहतो.

टेबल असं हवं की कोपर टेकल्यावर खांदा वर चढत नाही. पाय लोंबत असतील तर खाली पाट. खाटेवर बसवून हे होत नाही. आरसा छातीच्या मधोमध आडवा नाही, उभा, त्याचं तोंड उजव्या हाताकडे. डावा हात त्याच्या मागे, घडी घातलेल्या टॉवेलवर. तो ओढून तिथे ठेवायचा नाही, खालून आधार देऊन उचलायचा. सैल पडलेला खांदा ओढल्याने दुखावतो.

उजवा हात हलला की आरशात डावाच हलल्यासारखा वाटतो. सगळी मदार त्या वाटण्यावर आहे, म्हणून खरी तयारी इथे. आईच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या, मनगटाच्या वर लहानपणीचं गोंदण. डावा हात सुजलेला, त्यातल्या बांगड्या दवाखान्यातच काढल्या होत्या. आरशात बांगड्या दिसल्या की ती म्हणायची, “हा माझा उजवाच की रे.” बांगड्या उतरवायला ती तयार होईना. मग त्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात झाकणारा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला. गोंदणही झाकलं गेलं. घड्याळ, अंगठी, हातातला दोरा, मेंदी, सगळ्याला हाच नियम.

ही युक्ती मुळात मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांची. १९९०च्या दशकात त्यांनी ती हात कापलेल्या माणसांच्या, नसलेल्या हातातल्या वेदनेसाठी वापरली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पॅरालिसिसच्या नऊ रुग्णांवरचा छोटा प्रयोग छापून आला. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात असे ६२ अभ्यास तपासले आहेत. हाताची हालचाल सुधारायला मदत होते, असं त्यात दिसतं. मदत होते, एवढंच. बाकीचे व्यायाम सोडून हे करायचं नाही.

वेळ जेवणानंतरची नको, कुकरच्या शिट्ट्यांची नको, मालिकेची तर नकोच. बऱ्याच अभ्यासांत रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे असा बेत असतो. फिजिओंनी आम्हाला दहा मिनिटांपासून सुरुवात करायला सांगितली. पहिली दोन मिनिटं काही हलवायचं नाही, नुसतं बघायचं. मग तळवा उपडा-उताणा, मूठ, मनगट वर-खाली, अंगठा एकेका बोटाला. सावकाश. हाताशी एक लिंबू, वाटी आणि रुमाल ठेवा, ते पुढच्या आठवड्यात लागतात. मागचा हातही जमेल तेवढा सोबत हलवायचा प्रयत्न करायचा, जोर न लावता.

गरगरलं, मळमळलं, घाम आला किंवा रडू फुटलं तर नजर आरशातून काढून खऱ्या उजव्या हाताकडे न्यायची. तरी थांबलं नाही तर त्या दिवशी बंद, आणि फिजिओंना फोन. खांदा दुखला तरी तेच.

नोंदीला वेगळी वही करू नका, ती हरवते. आमच्याकडे दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, त्याच चौकोनात लिहितो. पहिल्या सोमवारी लिहिलंय: दूध दीड लिटर, आरसा ७ मिनिटं, अंगठा नाही.