अतिसारावरील पारंपरिक वनौषधीची चाचणी कशी करावी

अमुक साल किंवा मुळी जुलाबांवर हमखास लागू पडते, असे सांगणारे लोक सहसा खोटे बोलत नसतात. त्यांनी औषध दिलेले असते आणि रोगी बराही झालेला असतो. अडचण एवढीच की तीव्र, पाण्यासारखे जुलाब बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत आपोआप थांबतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दिलेल्या कोणत्याही काढ्याला यश मिळतेच. म्हणून चाचणीची आखणी करताना पहिला प्रश्न असा विचारावा: ही वनस्पती निरुपयोगी असेल, तर आपल्या मांडणीतून ते उघड होईल का? ज्या प्रयोगात औषध नापास होऊच शकत नाही, त्याला प्रयोग म्हणण्यात अर्थ नाही.

सुरुवात दाव्यापासून करावी. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे ही जागतिक आरोग्य संघटनेची अतिसाराची व्याख्या आहे; तो चौदा दिवस किंवा त्याहून अधिक टिकला तर त्याला दीर्घकाळ टिकणारा अतिसार म्हणतात, आणि शौचातून रक्त पडत असेल तर प्रकरण वेगळेच असते. पारंपरिक वर्णनात हे सारे प्रकार पुष्कळदा एकाच नावाखाली येतात, म्हणून औषध देणाऱ्यांकडून कोणत्या लक्षणांवर, कोणत्या वयात, वनस्पतीचा कोणता भाग, कशासोबत आणि किती दिवस दिला जातो, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावे. त्यानंतर औषध नेमके काय करत असावे याविषयी एक अनुमान लिहून ठेवावे: ते जंतू मारते, आतड्यात पाझरणारे पाणी कमी करते, की आतड्याची हालचाल मंदावते? तिसऱ्या प्रकारच्या औषधाने शौचाची संख्या लवकर घटते, पण जंतुसंसर्गात आतड्याची गती रोखल्यास जंतू आणि त्यांचे विष आतच राहण्याचा धोका असतो. दुसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण म्हणजे क्रोफेलेमर. क्रोटन लेचलेरी या दक्षिण अमेरिकी झाडाच्या लाल चिकापासून ते मिळते आणि आतड्यातील क्लोराइडच्या वाहिन्या अडवून पाण्याचा पाझर कमी करते. अमेरिकेत 2012 साली त्याला मान्यता मिळाली, तीही फक्त एचआयव्हीचे औषधोपचार घेणाऱ्या प्रौढांमधील संसर्गविरहित अतिसारापुरती. परंपरेतून आलेला व्यापक दावा तपासणीनंतर असा अरुंद होतो, आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

यानंतर ओळख, आणि माझ्या मते सर्वाधिक चाचण्या येथेच वाया जातात. कुड्याचे उदाहरण घ्या. अतिसारावर वापरला जाणारा कुटज म्हणजे पांढरा कुडा, होलॅरिना प्युबेसन्स. त्याच्या सालीत काळ्या कुड्याची, म्हणजे राइटिया टिंक्टोरियाची साल मिसळलेली आढळते. वाळलेले तुकडे पाहून फरक करणे अवघड जाते. झाडावर असताना मात्र शेंगा उपयोगी पडतात: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. म्हणून नमुना झाडावरूनच घ्यावा, फुले किंवा शेंगा असलेली फांदी दाबून, वाळवून वनस्पतिसंग्रहालयात जमा करावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि तोच क्रमांक पुढील प्रत्येक नोंदीवर लिहावा. गोळा केल्याचा महिना, झाडाचा भाग आणि वाळवण्याची पद्धतही नोंदवावी, कारण अल्कलॉइडांचे, म्हणजे वनस्पतीतील औषधी गुणाच्या नत्रयुक्त द्रव्यांचे, प्रमाण यांवर अवलंबून असते.

अर्क लोक करतात तसाच करावा. परंपरेत काढा असेल, तर मद्यार्कातील अर्काने त्या दाव्याची परीक्षा होत नाही. पाण्यात न उतरणारी द्रव्ये त्यात येतात. कठीण सालीसाठी एक भाग भरडीला सोळा भाग पाणी घेऊन आठवा भाग उरेपर्यंत आटवणे हे एक प्रचलित प्रमाण आहे. गाळलेला काढा वाळवून त्याचे वजन करावे आणि शंभर ग्रॅम सालीतून किती ग्रॅम कोरडा अर्क मिळाला हे लिहून ठेवावे. हा आकडा पुढे मात्रेच्या हिशेबात लागतो. एखादे खुणेचे द्रव्य, जसे कुड्यातील कोनेसिन, प्रत्येक घाण्यात मोजले तर सगळे घाणे सारखे उतरले की नाही ते कळते.

बशीतल्या जंतूंवर अर्काचा थेंब टाकून भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मोजण्याचा मोह आवरावा. मोजायचेच असेल, तर जंतूंची वाढ रोखणारी किमान तीव्रता काढावी आणि ती आतड्यात प्रत्यक्ष गाठता येईल का, हे पाहावे.

प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. सर्वांत रुळलेली पद्धत एरंडेलाची आहे. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवतात, एका गटाला नुसते पाणी, एका गटाला लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारे प्रचलित औषध आणि उरलेल्या गटांना अर्काच्या तीन चढत्या मात्रा देतात, आणि काही वेळाने सर्वांना एरंडेल पाजतात. प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात, खाली वजन केलेला टिपकागद. कागद दर तासाला बदलून चार तास ओले डाग मोजायचे आणि कागदाचे वजन किती वाढले ते पाहायचे. डाग मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे, कारण ओला डाग आणि अर्धवट ओला डाग यांतला निवाडा नजरेचा असतो. ही पद्धत सोपी असली तरी तिच्यात एक खोच आहे. एरंडेल स्वतः जुलाब लावत नाही; लहान आतड्यातील लायपेज हे चरबी पचवणारे विकर त्यातून रिसिनोलेइक आम्ल मोकळे करते, आणि ते आम्ल काम करते. वनस्पतीतील टॅनिनांनी, म्हणजे तुरट द्रव्यांनी, लायपेजच अडवले, तर जुलाब कमी होतील, पण रुग्णाला त्याचा काहीही उपयोग नसेल. त्यामुळे निदान आणखी एका वेगळ्या कारणाने लावलेल्या जुलाबांवर, उदाहरणार्थ मॅग्नेशियम सल्फेटने, अर्क तपासावा. हालचालीसाठी कोळशाची पूड मिसळलेले खाद्य देऊन अर्ध्या तासात ते आतड्यात किती अंतर गेले ते मोजतात, आणि स्रावासाठी आतड्यात साचलेल्या द्रवाचे आकारमान पाहतात. सुरुवातीला लिहिलेले अनुमान या दोन मोजमापांवर टिकते किंवा कोसळते.

मात्रेचा हिशेब कागदावर मांडून पाहिला की बऱ्याच उत्साहाला ओहोटी लागते. उंदरात 400 मिलिग्रॅम प्रति किलो ही मात्रा गुणकारी ठरली असे धरू. शरीराच्या पृष्ठभागानुसार रूपांतर करताना तिला 3 ने (छोट्या उंदराचा, म्हणजे माउसचा, ठरलेला गुणक) गुणून 37 ने (माणसाचा गुणक) भागतात. माणसासाठी सुमारे 32 मिलिग्रॅम प्रति किलो येते, म्हणजे 60 किलोच्या प्रौढाला दोन ग्रॅमच्या आसपास कोरडा अर्क. सालीतून दहा टक्के अर्क निघत असेल, तर ही झाली वीस ग्रॅम साल. पारंपरिक मात्रा याच्या जवळ असेल तर ठीक. ती एक ग्रॅम असेल, तर उंदरातला निकाल त्या दाव्याला आधार देत नाही. विषारीपणाची चाचणी वेगळी करावी. तीव्र चाचणीत 2000 मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंतची मात्रा देऊन प्राण्यांवर चौदा दिवस लक्ष ठेवतात. अनेक दिवस घ्यायच्या औषधाला एवढ्याने भागत नाही.

माणसांवरील चाचणी मानवी नैतिकता समितीची मंजुरी, सार्वजनिक नोंदणी आणि लेखी संमती यांच्याशिवाय सुरू करू नये. घरच्या माणसांवर तर मुळीच नाही. अतिसारात जीव जातो तो मुख्यतः पाणी आणि क्षार निघून गेल्याने, म्हणून दोन्ही गटांतील प्रत्येकाला जलसंजीवनी मिळालीच पाहिजे, आणि मुले असतील तर झिंकही. औषधी तिच्या जोडीला द्यायची, तिच्या जागी नव्हे. पहिल्या चाचणीतून लहान मुले, गर्भवती, शौचातून रक्त जाणारे आणि तीव्र शुष्कता आलेले रुग्ण वगळावेत. गट चिठ्ठीने किंवा संगणकाने ठरवावेत. कडू काढ्याला बिनचवीचे पाणी हा प्लासीबो, म्हणजे औषधासारखेच भासणारे पण औषध नसलेले द्रव्य, होत नाही, त्यामुळे अर्क कॅप्सूलमध्ये भरणे उत्तम. मोजण्याची मुख्य गोष्ट एकच आणि आधीच जाहीर केलेली असावी. शौचाचे वजन किंवा शेवटच्या पातळ शौचापर्यंतचे तास हे ‘बरे वाटले का’ या प्रश्नापेक्षा भरवशाचे आहेत. सलाईन लावण्याची वेळ किती जणांवर आली, हेही मोजावे.

शौचाची जंतुतपासणी खर्चिक म्हणून गाळू नये. बांगलादेशातील प्रौढ रुग्णांवर बर्बेरिन सल्फेटची (बर्बेरिन हे दारुहळदीसारख्या वनस्पतींतील अल्कलॉइड) चाचणी 1987 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात 400 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने विष सोडणाऱ्या ई. कोलाय या जंतूमुळे झालेल्या अतिसारात शौचाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, पण पटकीमध्ये परिणाम किरकोळच होता. दोन्ही प्रकारचे रुग्ण एकत्र मोजले असते, तर हा भेद पुसला गेला असता. मधूनच चाचणी सोडणाऱ्यांना मूळ गटातच धरून हिशेब करावा, आणि फरक पडला नाही असे आढळले तरी मात्रा, अर्काची पद्धत आणि नमुन्याचा क्रमांक यांसह निकाल प्रसिद्ध करावा, म्हणजे पुढच्या माणसाला तीच साल पुन्हा उकळत बसावे लागणार नाही.