मीटरपासून आतल्या डीबीपर्यंत भिंतीतून पाइप कसा घ्यायचा

घर बांधताना आपल्याकडे टाइलच्या रंगावर आठ दिवस चर्चा होते, पण मीटरपासून आतल्या डीबीपर्यंत जो हातभर पाइप भिंतीतून जाते त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्याही घरी तेच झालं. मिस्त्रीनं सब्बल घेऊन भोक पाडलं, बाहेरचं तोंड वर अन् आतलं खाली, मग मृगाच्या पहिल्याच पावसात पाणी पाइपातून सरळ डीबीत, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, वर करावी तर पुन्हा खाली, रात्रभर डास मारत बसलो. सकाळी वायरमननं झाकण काढलं तर तळाशी पाणी साचलेलं अन् त्यात एक मेलेली पाल.

डीबी म्हणजे घरातली एमसीबीची, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांची पेटी बरं का, गावाबाहेरची ट्रान्सफॉर्मरवाली डीपी नाही.

आधी हद्द समजून घ्या. खांबावरून मीटरात येणारी सर्विस वायर अन् मीटरचं सील हे महावितरणचं, तिथं हात घालायचा नाही. मीटरच्या पुढचं आपलं, पण वायरी जोडायचं काम लायसन्सवाल्या वायरमनलाच द्या, भोक पाडणं, पाइप बसवणं, फटी बुजवणं एवढं घरचा माणूस करू शकते. मेन स्विच पाडला म्हणजे सगळं मेलं असं समजू नका, त्याच्या मीटरकडच्या बाजूला 230 व्होल्ट असतेच. अन् टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पाहा, पेटते का, मग त्याच्यावर भरवसा ठेवा.

सामान फार नाही. आयएसआय मार्कवाला 25 मिमीचा पीव्हीसी कंड्यूट, म्हणजे वायरी घालायचा पाइप, मिडियम किंवा हेवी, लाइटवाला उन्हानं वाकते. भिंतीत टाकायला 40 मिमीच्या पाइपचा तुकडा, भिंतीच्या जाडीपेक्षा थोडा लांब. बाहेरच्या तोंडासाठी एक बेंड, पेटीला धरणारं अडॅप्टर अन् ते आवळायचा चेकनट, पाइप भिंतीला धरणाऱ्या सॅडल, पाइप चिकटवायचं सोल्युशन, सिलिकॉनची ट्यूब. वायर किती जाडीची हे लोड पाहून वायरमन सांगेल, कूलर, मोटर, फ्रिज सगळं धरून सांगा त्याला, साध्या सिंगल फेज घरी बहुतेक 6 स्क्वेअर मिमी तांब्याची लागते. पाइपाच्या आतली 40 टक्क्यांपेक्षा जास्त जागा वायरींनी भरू नये, ठासून भरल्या की तापतात.

भिंतीत हा 40 मिमीचा मोठा पाइप कशाला, असं माझ्या भावानंही विचारलं होतं. तर आपली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की त्यात हात जाते, त्याच्यासोबत भिंतही थोडी हलते. कंड्यूट सिमेंटमध्ये गच्च बसवला तर तडा पाइपातूनच जाते. बाहेरच्या पाइपाचंही तसंच, पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर 3 मीटरचा पीव्हीसी पाइप 30 अंशांच्या फरकानं जवळपास 6 मिमी लांबते, म्हणून सॅडल आवळून टाकू नका, पाइप सरकला पाहिजे.

आता भोक. आतून सुरू करायचं. डीबी छातीच्या उंचीवर, नळ-मोरीपासून दूर, अन् पाइप पेटीच्या तळातून किंवा खालच्या बाजूनं शिरेल असं माप घ्या, वरून कधीच नाही. त्या जागी आतून जुनी वायर किंवा नळाचा पाइप तर जात नाही हे पाहा. लांब बिटनं आधी बारीक आरपार भोक पाडा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, 9 इंची भिंतीला अर्धा इंच उतार पुरते. मग दोन्हीकडून अर्धं-अर्धं मोठं करा, एकाच बाजूनं ठोकत गेलं तर पलीकडचा प्लास्टर ताटाएवढा निघून येते. मातीची भिंत असेल तर हातोडा नकोच, सावकाश कोरा.

मोठा पाइप सिमेंटच्या मालात बसवा, दोन दिवस पाणी मारा. मग बाहेरून भिंतीवर बादलीभर पाणी फेका अन् आत हात लावून पाहा. ओल आली तर आत्ताच कळते, वायरी टाकल्यावर कळलं तर रडावं लागते.

कोरडं असेल तर कंड्यूट आत घाला, बाहेरच्या तोंडाला बेंड लावून ते जमिनीकडे वळवा, मीटरच्या पेटीतही पाइप खालूनच. कापलेल्या कडा कानसीनं घासून घ्या, लोखंडी पेटी असेल तर भोकाच्या कडेला बुश, म्हणजे धार झाकणारं कडं, लागतेच, नाहीतर पत्र्याची धार वायरीचं साल सोलते. वायरी ओढायला वायरमनची लांब स्प्रिंग, अन् अडली तर पावडर लावा, घरातली टाल्कम चालते. पाइपात जोड अजिबात नाही, डीबीत हातभर वायर जास्तीची सोडा.

शेवटी फटी. दोन पाइपांमधली जागा सिलिकॉननं भरा, सिमेंटनं नाही, नाहीतर मोठा पाइप टाकला कशाला? कंड्यूटचं तोंडही आतून वायरींभोवती पुट्टीनं बंद करा. हे राहिलं की उंदीर, मुंग्या, अन् ती मातीची घरं बांधणारी कुंभारीण, कोणीतरी येतेच.

वायरमन जोडून गेला की त्याच्यासमोरच आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा, खटकन पडली पाहिजे, 30 मिलीअँपिअरचीच घ्या. लोखंडी पेटीला अर्थिंगची वायर लावली का तेही पाहा, अन् एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता, काळी माती वाळली की अर्थिंग नावालाच राहते.