बदकं बघायला दुसऱ्याच्या शेतातून जायचंय? मग पैसे किती, कोणाला, कसे द्यायचे

दर थंडीत कोणी ना कोणी विचारतंच की भिगवणला होडी करून रोहित पक्षी बघून झाले, आता जरा गर्दी नसलेल्या ठिकाणी शांतपणे बदकं बघायचीयत, कुठे जाऊ. पुण्याच्या आसपास जागा भरपूर आहेत, उजनीच्या बॅकवॉटरचे कोपरे, दौंड बारामती इंदापूरकडचे पाझर तलाव, कालव्याखालच्या चोपण (म्हणजे पाणी साचून खारट) झालेल्या जमिनी. अडचण अशी की तलाव सरकारी असला तरी पाण्यापर्यंतची वाट बहुतेक वेळा कोणाच्या तरी बांधावरून जाते. त्या वाटेचे पैसे द्यायला हवेत असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ते कसे ठरवायचे ते इथे सांगतोय.

आधी एक गोष्ट क्लियर करतो कारण नातेवाईक अमेरिकेत असलेले लोक हमखास विचारतात, तिकडे जमीन भाड्याने घेऊन बदकांची शिकार करतात तसं इथे जमेल का. नाही जमणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि जमीन तुमच्या स्वतःच्या नावावर असली, मालकाने लेखी परवानगी दिली तरी काही फरक पडत नाही. फासा लावणं, जाळं टाकणं, अंडी उचलणं हेही शिकारीतच धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काही प्रजातींना त्याहून कडक.

पण तिकडची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक शिकाऱ्याला सरकारी डक स्टॅम्प, म्हणजे परवान्यासारखं एक तिकीट, घ्यावा लागतो, १९३४ पासून चालू आहे, आता २५ डॉलरचा आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. पण स्टॅम्प घेतला म्हणून कोणाच्या शेतात शिरता येत नाही, मालकाला लीझचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि म्हणून आर्कान्सा कॅलिफोर्नियाकडचे कितीतरी भातशेतकरी कापणी झाल्यावर खाचरात मुद्दाम पाणी भरून ठेवतात. पक्ष्यामुळे मालकाच्या हातात चार पैसे आले तर तो पाणी टिकवतो. आपल्याकडे बंदूक नाही, कॅमेरा आहे, पण हिशोब तोच.

आता मालक शोधणं. पहाटे साडेपाचला डायरेक्ट जाऊन उभं राहू नका, आदल्या दिवशी दुपारी चारनंतर जा, चहाच्या टपरीवर बसा, कोणाचं रान आहे ते विचारा. राम राम घाला, काका म्हणा, कॅमेरा गाडीतच ठेवा कारण मोठी लेन्स बघितली की लोकांना जमिनीची मोजणी नाहीतर भूसंपादन आठवतं. मग मोबाईलवर दुर्बिणीतला एखादा फोटो दाखवा, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. हळदीकुंकू बदक तर नावासकट लगेच आवडतं घरातल्या बायकांना.

गट नंबर कळला तर महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. हे एवढ्यासाठी की एका सातबाऱ्यावर चार भाऊ असतात. आम्ही एकदा धाकट्याला पैसे देऊन बसलो आणि सात वाजता थोरला काठी घेऊन आला, चूक त्याची नव्हती, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून नावं बघतो आणि वाटेतलं रान प्रत्यक्ष कोण कसतो ते विचारतो. उजनीच्या काठाला अजून एक भानगड, पाणी उतरलं की उघडी पडते ती गाळपेर जमीन, ती सरकारची असते आणि कसायला दिलेली असते, म्हणजे जमीन त्या माणसाची नसली तरी उभं पीक त्याचंच, त्यामुळे विचारायचं त्यालाच.

किती द्यायचे. ह्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात म्हणून घोळ होतो. नुसती बांधावरून ये जा, पिकाची नासधूस, आणि एका जागी आडोसा करून बसणं.

नुसत्या वाटेचे आमचा ग्रुप एका सकाळचे माणशी १०० रुपये देतो, मागितले नाहीत तरी देतो. पुणे भिगवण जाऊन येऊन २०० किलोमीटर होतात, गाडी १५ चं ॲव्हरेज देत असेल तर तेरा लिटरच्या वर पेट्रोल जातं, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

पिकाचा हिशोब मात्र नीट करा, अंदाजे नोट पुढे करू नका. समजा गव्हातून दोन फूट रुंद आणि २०० फूट लांब पट्टा तुडवला गेला, झाले ४०० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त. एकरी १६ क्विंटल धरले तर गुंठ्याला ४० किलो, म्हणजे तुमच्या पायाखाली साधारण १५ किलो गहू गेला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४२५ होता, त्याने साडेतीनशेच्या वर होतात, आणि त्याची मेहनत पाणी धरून मी ५०० देईन. पण खरं सांगायचं तर पिकातून जाऊच नका, बांध लांबून वळसा घालून गेला तरी बांधानेच जा, आणि रात्री लाईट असते तेव्हा पाणी सोडलेलं असतं त्यामुळे पहाटे रान ओलं असतं, एक पाऊल चुकलं की वाफ्याची वरंब फुटते.

आडोसा म्हणजे बांबू, हिरवी शेडनेट, वरून कडबा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हा करायचा तर सीझनचे एकदम ठरवा. आम्ही गेल्या वर्षी चोपण कोपऱ्यासाठी ५००० दिले, अर्धे आधी अर्धे शेवटी. चोपण म्हणजे जिथे ऊस लावला तरी येत नाही, पाणी साचून पांढरं मीठ फुटलेलं असतं, तिथे उत्पन्नाची तुलना करायची गरज नाही, त्यामुळे दोघांनाही परवडतं. असेच कोपरे शोधा, बदकंही तिथेच उतरतात.

लिहून घ्यायचं तर भाडेपट्टा हा शब्द तोंडातून काढू नका. कूळ लागेल, म्हणजे वापरणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती उगाच नाही. साध्या वहीच्या कागदावर लिहा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फक्त पक्षी बघायला व फोटो काढायला ये जा करायची परवानगी, जमिनीवर कसलाही हक्क नाही, मालक कधीही बंद करू शकतो. वाचून दाखवा, त्यांच्या पोराकडून फोटो काढून ठेवायला सांगा.

गाडी हा सगळ्यात मोठा भांडणाचा विषय. बदकांचा सीझन आणि ऊसतोड एकाच वेळी चालते, पाणंदीत तुमची गाडी उभी असेल तर मागे ट्रॅक्टर ट्रॉली अडकते, कारखान्यावरची पाळी हुकते, आणि ते नुकसान १०० रुपयात भरून येत नाही. गाडी डांबरी रस्त्याला ठेवा आणि चालत जा. उसाच्या कडेने अंधारात एकट्याने जाऊ नका, बिबट्या आता तिकडेही आहे, आणि कठडा नसलेल्या विहिरी तर सगळीकडे.

पैसे दिले म्हणून पक्षी उठवायचा हक्क मिळत नाही. दाणे टाकायचे नाहीत, मोबाईलवर आवाज लावायचा नाही, ड्रोन नाही, आणि बाटल्या आणणारा मित्र असेल तर त्याला घरीच ठेवा.

सीझन संपला की उरलेले पैसे द्यायला स्वतः जा, जीपे करून मोकळं होऊ नका, आणि एक फोटो चांगला मोठा प्रिंट करून न्या. चोपण कोपऱ्याचे काका ह्या वर्षी तिथे मुरूम टाकणार होते, ट्रॉल्याही ठरल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला, मुरूम राहू दे म्हणाले, काल रात्री अडई बदकं ओरडत होती, कधी येताय.