ग्रुप पॉलिसी उघडत नाही? अधिकारांना हात लावण्याआधी हे तपासा

विंडोज सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट (ऑफिसातल्या यंत्रांची सेटिंग्ज एका जागेवरून ठरवण्याचं कन्सोल; अशा सेटिंग्जचा संच म्हणजे पॉलिसी) उघडून एखाद्या पॉलिसीवर 'एडिट' दाबावं आणि समोर चौकट यावी: पॉलिसी उघडता आली नाही, कदाचित तुमच्याकडे योग्य ते अधिकार नसतील. ऑफिसचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे नवं नाही. पण त्या 'कदाचित'कडे कुणी बघत नाही. खातं डोमेन ॲडमिन्समध्ये (डोमेनच्या, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कच्या, व्यवस्थापकांच्या गटात) टाकलं जातं, फोल्डरवर 'फुल कंट्रोल' दिला जातो, आणि पॉलिसी तरीही उघडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बिघाड बऱ्याचदा अधिकारांत नसतोच, तो पॉलिसीपर्यंत जाणाऱ्या वाटेत असतो.

पॉलिसी दोन ठिकाणी राहते

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. पॉलिसीचं नाव, आवृत्ती क्रमांक, अधिकार आणि ती कुठे जोडली आहे ही माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांच्या आणि यंत्रांच्या नोंदवहीत, असते. बहुतेक प्रत्यक्ष सेटिंग्ज मात्र डोमेन कंट्रोलरवरच्या (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या) सिसव्हॉल या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइल्सच्या रूपात असतात. पहिल्या ठिकाणी एलडॅप या डिरेक्टरी वाचण्याच्या प्रोटोकॉलने जायचं, पोर्ट ३८९. दुसऱ्या ठिकाणी फाइल शेअरिंगने, पोर्ट ४४५.

आता लक्षणं बघा. डावीकडे पॉलिसींची यादी दिसते पण 'एडिट' केल्यावर चूक येते, तर डिरेक्टरी भेटते आहे आणि सिसव्हॉल भेटत नाही. यादीच येत नाही, डोमेन सापडत नाही असं म्हणतंय, तर डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा डिरेक्टरीकडे वळा. चौकटीतली 'डिटेल्स'ची ओळही वाचा. 'नेटवर्क पाथ सापडला नाही' म्हणजे वाट बंद आहे. 'पाथ सापडत नाही' एवढंच असेल तर सर्व्हरपर्यंत पोहोचलात पण फोल्डर जागेवर नाही. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तरच अधिकारांचा विचार आधी करा.

पायरी १: डीएनएस

सर्व्हरच्या नेटवर्क कार्डमध्ये डीएनएस म्हणून कोणते पत्ते दिलेत ते पाहा. तिथे ऑफिसातल्या डोमेनचेच डीएनएस सर्व्हर हवेत. 'असू दे आधाराला' म्हणून दुसऱ्या रकान्यात इंटरनेटवरचा सार्वजनिक डीएनएस टाकण्याची सवय फार पसरली आहे आणि ती घातक आहे. त्या सर्व्हरला तुमच्या अंतर्गत डोमेनची काहीच माहिती नसते. विंडोज एकदा त्याच्याकडे वळलं की काही वेळ त्यालाच विचारत राहतं, म्हणून बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही.

मग कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप आणि पुढे डोमेनचं पूर्ण नाव द्या. उत्तरात येणारा प्रत्येक पत्ता चालू डोमेन कंट्रोलरचा असायला हवा. कधीच काढून टाकलेल्या सर्व्हरचा पत्ता तिथे हमखास सापडतो. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या कंट्रोलरने बॅकअपच्या नेटवर्कचाही पत्ता नोंदवलेला असतो, तिथवर बाकीची यंत्रं पोहोचूच शकत नाहीत. अशा नोंदी काढा आणि ज्या यंत्रावरून काम करताय तिथला डीएनएस कॅशे (साठवून ठेवलेली जुनी उत्तरं) आयपीकॉन्फिग कमांडने रिकामा करा. दुसऱ्या कार्डाची नोंदणी बंद केली नाहीत तर ती नोंद परत येईल.

पायरी २: सिसव्हॉल हाताने उघडा

रन चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा, डोमेनचं नाव, एक रेघ आणि सिसव्हॉल असा पत्ता टाका. नंतर डोमेनऐवजी एकेका डोमेन कंट्रोलरचं नाव घालून तेच करा.

कंट्रोलरच्या नावाने उघडतं पण डोमेनच्या नावाने नाही? मग डीएनएस पुन्हा तपासा आणि कंट्रोलरवर डीएफएस नेमस्पेस (डोमेनच्या नावाने शेअर शोधून देणारी) ही सेवा चालू आहे ना ते बघा. कशानेच उघडत नसेल तर मधल्या फायरवॉलवर पोर्ट ४४५ अडलेलं असू शकतं, किंवा तुमच्या यंत्राच्या नेटवर्क कार्डात 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स'ची खूण काढलेली असेल. सर्व्हर 'सुरक्षित' करताना ही खूण उत्साहाने काढली जाते. घड्याळही बघून घ्या: कंट्रोलर आणि तुमच्या यंत्रात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर कर्बेरॉसची ओळख पटवण्याची प्रक्रिया नेहमीच्या सेटिंगमध्ये नकार देते.

एखाद्या कंट्रोलरवर नेट शेअर कमांड दिल्यावर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन ही नावंच दिसत नसतील, तर ते शेअर स्वतः तयार करू नका. त्या सर्व्हरचं रेप्लिकेशन, म्हणजे इतर कंट्रोलरांकडून फाइल्स उतरवून घेणं, पूर्ण झालेलं नसतं. डीएफएस रेप्लिकेशनच्या लॉगमध्ये २२१३ किंवा ४०१२ क्रमांकाचा इव्हेंट शोधा. पहिला वीज गेल्यामुळे किंवा सर्व्हर अचानक बंद पडल्यामुळे येतो आणि पुढे काय करायचं ते त्याच्याच मजकुरात दिलेलं असतं. दुसरा म्हणजे हा सर्व्हर ठरलेल्या मुदतीपेक्षा, सहसा ६० दिवसांपेक्षा, जास्त काळ इतरांपासून तुटलेला होता. यातलं काहीही दुरुस्त करण्याआधी सिसव्हॉलची प्रत काढून ठेवा.

पायरी ३: एकच पॉलिसी अडत असेल तर

तिच्या 'डिटेल्स' टॅबवर महिरपी कंसातला लांबलचक युनिक आयडी असतो. सिसव्हॉलमध्ये पॉलिसीज फोल्डरात त्याच नावाचं फोल्डर आणि आत जीपीटी डॉट आयएनआय ही फाइल हवी. कन्सोल मुळात पीडीसी एम्युलेटरची (कंट्रोलरांमधल्या मुख्याची) भूमिका असलेल्या कंट्रोलरशी जोडलं जातं, म्हणून आधी तिथे बघा, मग इतरांवर. एकीकडे आहे आणि एकीकडे नाही, तर रेप्लिकेशनचा प्रश्न. सगळीकडूनच गायब असेल तर बॅकअपमधून परत आणा. डीसीजीपीओफिक्स ही कमांड फक्त दोन मूळ पॉलिसींसाठी आहे आणि त्यात तुम्ही केलेले बदल ती पुसून टाकते, तेव्हा ती अगदी शेवटी.

पायरी ४: आता अधिकार

हूॲमआय कमांडने कोणत्या खात्याने आत आहात ते बघा. रेघेआधी डोमेनऐवजी यंत्राचं नाव आलं तर तुम्ही स्थानिक खात्यात आहात, पुढचं सगळं व्यर्थ. 'ग्रुप पॉलिसी क्रिएटर ओनर्स'मधला सदस्य स्वतः तयार केलेल्याच पॉलिसी बदलू शकतो. इतरांच्या पॉलिसीसाठी 'डेलिगेशन' टॅबवर संपादनाचा हक्क द्यावा लागतो. नव्या गटात टाकल्यावर लॉगऑफ करून परत या. सिसव्हॉलमधले आणि डिरेक्टरीतले अधिकार जुळत नाहीत असं कन्सोलने विचारलं तर 'ओके' म्हणून त्यालाच जुळवू द्या, फोल्डरवर हाताने फेरफार नको.

सेटिंग उघडतं पण करड्या रंगात अडकलेलं असतं, हा प्रकार वेगळा. सर्व्हरच्या स्थानिक पॉलिसीत ते बदलता येत नाही कारण डोमेनची पॉलिसी त्यावर बसली आहे. जीपीरिझल्ट कमांडने यंत्रावर लागू असलेल्या पॉलिसींचा अहवाल काढला की तिचं नाव कळतं, बदल तिथे करायचा.

पॉलिसी उघडली, बदलली, पण वापरकर्त्यांना लागू होत नाही, असं झालं तर जून २०१६ चं एमएस१६-०७२ हे अपडेट आठवा. तेव्हापासून वापरकर्त्याची पॉलिसीही संगणकाच्या ओळखीने वाचली जाते, म्हणून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' किंवा 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला निदान वाचण्याचा हक्क लागतो. तो दिल्यावर एका यंत्रावर जीपीअपडेट ही पॉलिसी लगेच लागू करणारी कमांड चालवून पाहा. बाकीची यंत्रं नेहमीच्या सेटिंगनुसार ९० ते १२० मिनिटांत बदल स्वतःच उचलतात. त्यानंतरही एखाद्यावर इव्हेंट १०५८ (जीपीटी डॉट आयएनआय वाचता आली नाही) दिसत राहिला, तर त्या यंत्रावरून पायरी १ पासून सुरुवात करा.