मिनाई बशी रंगवताना: निळा आधी, लाल नंतर

ब्रश हातात आला की माझ्या वर्गातली प्रत्येक नवी विद्यार्थिनी आधी लाल बाटली उघडते. लाल झाकून ठेवा. मिनाई म्हणजे मातीच्या भांड्यावर दोनदा भाजून रंगीत चित्र काढायची जुनी इराणी पद्धत, आणि तिच्यात रंगांचा क्रम भट्टी ठरवते.

इराणात काशानच्या कुंभारांनी १२व्या शतकाच्या अखेरीस हे काम नावारूपाला आणलं. ते निळा आणि फिरोजी पांढऱ्या ग्लेझबरोबरच, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराबरोबरच, भाजून घेत. काळा, लाल, सोनं वरून चढवून दुसरी, कमी आचेची भाजणी करत. निळ्यातला कोबाल्ट आणि फिरोजीतलं तांबं मोठी आच सोसतात, लाल सोसत नाही. त्यांची मातीही वेगळी: काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम काशानीने १३०१च्या सुमारास लिहून ठेवलंय, दळलेली गारगोटी दहा भाग, काचेची भुकटी एक, पांढरी माती एक. त्या फंदात आपण पडत नाही, साधी बिस्क केलेली, म्हणजे ग्लेझ न देता एकदा भाजलेली, बशी चालते.

बशी कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझमध्ये बुडवून पूर्ण वाळवा. कच्चं ग्लेझ ब्रशमधलं पाणी लगेच शोषतं, पुसायला संधी नाही. म्हणून फटकारा एकच आणि कोबाल्ट अगदी पातळ. भाजताना निळ्याच्या कडा जरा पसरतात. तेव्हा निळा अंगरख्याला, घोड्याला, पानांना द्या. नाकडोळ्यांना कधीच नको. फिरोजीसाठी ग्लेझ अल्कली जातीचं (सोडा-पोटॅशचं) हवं, नाहीतर तांबं हिरवं येतं.

चित्र काय काढायचं? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या ११८६च्या वाडग्याचा फोटो बघा, अबू झैद या काशानी कारागिराचा. तळ्याकाठी मैफल बसलीय, चेहरे गोल, डोळे बारीक. आपल्या बडोद्यात तांबेकर वाड्यातल्या भिंती बघून हात बसवा, पण तिथली दाटी उचलू नका. मिनाईत पांढरी जागा मोकळी सोडायची. काठावर अक्षरांसारखी नक्षी शोभते. ती वाचता आली नाही तरी हरकत नाही, खुद्द इराणी वाडग्यांवरही पुष्कळदा ती नुसती नक्षीच असते.

पहिली भाजणी झाल्यावर बशी स्पिरिटने पुसा. बोटाच्या तेलकट डागावर रंग धरत नाही. ऑनग्लेझची, म्हणजे भाजलेल्या ग्लेझवर चढवायच्या रंगाची, पूड काचेवर घट्ट टर्पेंटाइनमध्ये घोटा, जरा साधं टर्पेंटाइन घालून सैल करा. आधी काळी रेषा, केसाएवढी. ती वाळली की लाल, पातळच. जाड थर भाजल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्यावर काही इलाज नाही.

भट्टी सुरुवातीला सावकाश चढवा, झाकण किंचित उघडं. तेलाचा धूर निघून गेला की बंद करा. पुढे साधारण ७५० अंश, पण रंगाच्या पाकिटावर जे छापलंय ते प्रमाण. सोनं शेवटी. तिकडे वर्ख लावत, आपण बाटलीतलं द्रव सोनं वापरतो. लावताना ते तपकिरी, मळकट दिसतं. घाबरू नका, भाजल्यावर झळकतं. लालाला सोसेल त्याहून त्याची आच जास्त नको, म्हणून बहुतेकदा मी ते वेगळं भाजते.

ऑनग्लेझ रंगांत शिसं असू शकतं. पूड घोटताना मास्क लावा, आणि या बशीत श्रीखंड वाढू नका, भिंतीवर लावा.