परदेशातून येऊन मुंबईत घर लावताय? या चुका टाळा

आम्ही न्यू जर्सीहून परत येऊन मुलुंडला घर केलं त्याला आता आठ वर्षं होतील. तेव्हापासून नात्यातलं, ओळखीतलं कुणी परत येतंय म्हटलं की फोन मला येतो, आणि येतो तेव्हा निम्म्या चुका करून झालेल्या असतात. सोफा बुक झालाय, वॉर्डरोबचा अॅडव्हान्स गेलाय, कंटेनर बोटीवर चढलाय. तेच तेच नुकसान बघून जीव तुटतो हो, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

पावसाळा न बघता घर भरून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ प्रत्येक जण करतो. तिकडे बसून थ्रीडी डिझाइन बघायचं, व्हॉट्सअॅपवर लॅमिनेटचा रंग ठरवायचा आणि विमानातून उतरल्या उतरल्या तयार घरात शिरायचं. माझ्या मावसभावाने हेच केलं. कांदिवलीला नवव्या मजल्यावर फ्लॅट, बेडरूमला पश्चिमेची भिंत, छान वारा येतो म्हणून सगळे खूश. मी म्हटलं, अरे काही महिने गादी खाली टाकून झोपा, एक पाऊस जाऊ दे, मग सुतार लाव. पण जूनमध्ये मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत सगळं झालंच पाहिजे म्हणून मार्चमध्ये त्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटून जमिनीपासून छतापर्यंत वॉर्डरोब उभा राहिला.

जुलैच्या शेवटी वहिनीचा फोन आला, ताई, कपाटातून कुबट वास येतोय. मी गेले. खालचा ड्रॉवर उघडला, मलमलीच्या कापडात गुंडाळलेली तिच्या आईची जांभळी पैठणी बाहेर काढली, तर पदरावर तांदळाचं पीठ सांडावं तसे पांढरे ठिपके. बुरशी. वहिनी नुसती हातात धरून उभी राहिली, बोलेना काही. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून मागची फळी काढली. सहा एमएमचा साधा प्लाय, त्याला ना लॅमिनेट ना रंग, थेट भिंतीला टेकवलेला. मागून काळा-हिरवा झालेला, खिळे गंजलेले, आणि भिंतीचा रंग नखाने पोपड्यांसारखा निघत होता. सुताराने प्लायवर पंजा टेकून मला दाखवला, तळहात ओला.

यात नवल काहीच नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा असतो नैऋत्येचा, म्हणजे दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती सतत झोडपल्या जातात. भिंतीत बारीकशी चीर असली तरी पाणी आत झिरपतं, आणि पुढे कपाट लावून तुम्ही वाऱ्याची वाटच बंद केलेली असते.

माझी पद्धत सांगते. पहिला पावसाळा गाद्या, दोन स्टीलच्या मांडण्या, एक फोल्डिंग टेबल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या यावर काढायचा. सलग तीन-चार दिवस पाऊस लागला की प्रत्येक भिंतीवर तळहात फिरवायचा आणि जिथे गार, ओलं लागेल तिथे पेन्सिलने खूण करायची. त्या खुणांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, भिंत बाहेरून दुरुस्त करून घ्यायची आणि सुतार दिवाळीनंतर लावायचा. थांबणं शक्यच नसेल तर निदान वॉर्डरोब आतल्या भिंतीला घ्या. तेही जमत नसेल तर भिंतीपासून दोन इंच जागा सोडा, मागच्या फळीला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून घ्या, वर-खाली हवेला भोकं ठेवा. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेलाच. टेम्पोतून उतरताना प्रत्येक शीटवरचा शिक्का मी स्वतः बघते. 'मॅडम, एमआर चालतं, आत कोण बघतंय' हे ऐकून घ्यायचं नाही, एमआर फक्त दमटपणा सोसतो, पाणी नाही.

लिफ्ट न मोजणं

खोली सगळे मोजतात, लिफ्ट कुणी मोजत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका कुटुंबाचा साडेसात फुटी सोफा आला, एका तुकड्यातला. लिफ्टच्या आतली उंची त्याहून कमी, त्यामुळे उभाही जाईना, तिरकाही जाईना. जिन्याने चार हमालांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत नेला आणि वळणावर कठड्यात अडकला. बाहेरून दोराने चढवायला सेक्रेटरी नाही म्हणाले आणि बरोबरच म्हणाले, खाली मुलं खेळत असतात. शेवटी दोन रात्री तो सोफा वॉचमनच्या केबिनशेजारी प्लास्टिक गुंडाळून पडला आणि मग परत गेला, येण्या-जाण्याचं भाडं यांच्या माथी.

लिफ्टचा दरवाजा, आतली उंची आणि कर्ण, जिन्याचं वळण, तुमचा मेन डोअर, पॅसेज, सगळं टेप घेऊन मोजा, नातेवाइकांना फोनवर विचारू नका. आणि फर्निचर खोलीत कसं बसेल हे बघायला मी जुने पेपर टेपने जमिनीवर चिकटवते, सोफ्याच्या मापाचे, पलंगाच्या मापाचे, आणि दोन दिवस तसंच वावरते. रात्री पाणी प्यायला उठल्यावर पाय कागदावर पडतो का ते कळतं. थ्रीडीमध्ये हे कधीच कळत नाही.

अमेरिकेतली उपकरणं घेऊन येणं

तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं), इथे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मेनच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं, बऱ्याच मोटरवाल्या वस्तू हळू फिरतात आणि तापतात. वॉशिंग मशीन, मिक्सर, मायक्रोवेव्ह तिकडेच विकून या. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांची काळजी नको. लंडन किंवा दुबईहून येणाऱ्यांना बहुतेक फक्त प्लग बदलावा लागतो.

चादरींचंही तेच. अमेरिकन क्वीन गादी ६० बाय ८० इंच, इथे लांबी बहुतेक ७८ किंवा ७२ मिळते. इलास्टिकच्या चादरी ढिल्या पडतात आणि सकाळी गोळा होऊन पायाशी येतात. गादी इथे घेणार असाल तर चादरीही इथेच घ्या.

जमिनीला टेकलेलं फर्निचर

इथे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं टीव्ही युनिट थेट लादीवर ठेवलं की वर्षभरात खालची कड पाणी पिऊन फुगते आणि एकदा फुगली की काही करता येत नाही. चार इंची पाय हवेतच, म्हणजे खालून फडकंही फिरतं. यात बाईंना बोलू नका, चूक त्यांची नाही.

बाकीच्या पटापट सांगते. वॉल टू वॉल कार्पेट अजिबात नको, धुता येईल अशी सतरंजी घ्या. इलेक्ट्रिकचे पॉइंट रंगाच्या आधी ठरवा, गीझर, मायक्रोवेव्ह, एसीला १६ अँपिअरचे. बीम-कॉलमला कुठेही फोडाफोड करू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टर काहीही म्हणो. सोसायटीची लेखी परवानगी आणि कामाच्या वेळा आधी विचारा, आमच्याकडे दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते आणि रविवारी कामच नाही, म्हणजे सुतार म्हणतो त्या वीस दिवसांचे तीस धरा. दिवे घ्यायला लोहार चाळ, पडद्यांचं कापड मंगलदास मार्केट, जुनं सागवानी फर्निचर बघायला ओशिवरा, पण सागवान म्हणून देतात ते सगळं सागवान नसतं, फळीची मागची बाजू आणि ड्रॉवरचा तळ उलटा करून बघा.

वहिनीची पैठणी ड्रायक्लीनवाल्याकडून आली, ठिपके गेले पण पदराचा एक कोपरा फिका पडला तो पडलाच. वॉर्डरोब तिने दिवाळीनंतर आतल्या भिंतीला हलवून घेतला, आणि आता दर ऑक्टोबरला कोरडं ऊन पडलं की सगळ्या साड्या काढून सावलीत वारा लागेल अशा ठिकाणी दिवसभर पसरते आणि नव्या घडीवर घालून परत ठेवते.