काम सोपवताय? मग या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढते. पाठोपाठ वर्षाचा मसाला करून घेणाऱ्या बायकांची कांडपावर रांग लागते. आमचा धंदा कांडपाचा, शिवाय हळद-मिरची पावडरचा. माणसं सहा. तरीही कित्येक वर्षं या चार महिन्यांत मी दोन घास शांतपणे खाल्ले नाहीत. माणसं कमी पडतात असं वाटायचं. खरं कारण वेगळं होतं: मी कामं वाटत होतो, पण त्यातले निर्णय स्वतःकडेच ठेवत होतो.

काम दिलं, पण अधिकार दिला नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एकदा मी यार्डात माल बघत होतो, आणि इकडे पल्व्हरायझरचा, म्हणजे दळायच्या यंत्राचा, पट्टा तुटला. पट्ट्याचं दुकान पाच मिनिटांवर, पैसे गल्ल्यात. तरी पोरगा तीन तास बसून राहिला, कारण ‘मला विचारल्याशिवाय गल्ल्याला हात लावायचा नाही’ हे मीच बजावलं होतं. त्या गोंगाटात मला फोन ऐकू आला नाही. भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन बायका ओट्यावर ताटकळल्या, त्यातल्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या. संध्याकाळी मी त्या पोरालाच बोललो. ते चुकलंच माझं.

आता हद्द ठरलेली आहे आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे. दुरुस्तीला २,००० रुपयांपर्यंत विचारायचं नाही, पावती वहीत लावायची. ठोक गिऱ्हाइकाला किलोमागे ५ रुपयांपर्यंत सूट द्यायची. त्यापुढे मात्र फोन करायचा. आकडे तुमच्या उलाढालीप्रमाणे ठरवा, पण ठरवा आणि लिहा. तोंडी हद्द अडचणीच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

‘जरा बघून घे’ म्हणून सोडून दिलं

‘हळद बघून घे’ यात मला सगळं कळतं, नव्या माणसाला काहीच नाही. हळकुंड मोडल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे; लवून मोडलं तर ओल आहे. मोडल्या जागी आतला रंग एकसारखा हवा. गठ्ठे (हळदीचे गोल कंद) किती, माती किती, हे मूठभर माल हातात घेऊन बघायचं. हे सगळं माझ्या बोटांत होतं, पण मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग धाकट्या भावाला बरोबर न्यायला लागलो. पहिले काही दिवस त्याने नुसतं बघितलं. नंतर तो आधी मत सांगायचा, मी मागून. मग आडत्याला भाव त्यानेच सांगायचा, मी ठरवून दिलेल्या आकड्याच्या आत. शिकवायला एक हंगाम जातो, हे धरूनच चाला. ‘एवढ्या वेळात माझं मीच केलं असतं’ हा हिशेब त्या एका दिवसापुरता बरोबर असतो.

ओटीपी मालकाच्या फोनवर

दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) ११ तारीख आणि ३बी ची (कर भरण्याचं विवरणपत्र) २० तारीख पाळावी लागते. बिलं नोंदवणारी मुलगी वेळेत काम करते आणि ओटीपीसाठी मालकाची वाट बघते. वैतागून मालक पासवर्डच देऊन टाकतो. तेही करू नका. ई-वे बिलाच्या (माल गाडीने पाठवताना लागणारं ऑनलाइन बिल) पोर्टलवर सब-यूजर, म्हणजे तुमच्या हाताखालचा वापरकर्ता, तयार करता येतो. त्याचं लॉगिन वेगळं, अधिकार तुम्ही ठरवाल तेवढेच. परराज्यात ५०,००० रुपयांच्या वर माल चालला आणि बिलासाठी गाडी दारात उभी राहिली, की याची किंमत कळते. बँकेच्या चालू खात्यालाही मेकर-चेकर सोय मागून घ्या: एकाने नोंद करायची, मंजुरी तुमची. ओटीपी आणि मंजुरीसाठी रोजची एक वेळ बांधून घ्या, आमची सकाळी दहाची आहे.

पहिल्या चुकीला काम काढून घेतलं

नुकसान ठरवलेल्या हद्दीतलं असेल तर काम त्याच माणसाकडे राहू द्या, आणि चूक सगळ्यांसमोर काढू नका. उलट्या बाजूची चूकही आहे: जो नीट करतो त्याच्याच डोक्यावर सगळं टाकणं. तो दिवाळीनंतर सोडून जातो.

पाठीमागून परस्पर निर्णय फिरवला

उधारीची वही आम्ही वहिनींकडे दिली. एका जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी ‘आधीची बाकी भरा, मगच माल’ म्हणून सांगितलं. त्याने सरळ मला फोन लावला आणि मी ओळखीखातर आठ दिवस देऊन टाकले, वहिनींना न सांगता. पुढच्या महिन्यापासून त्यांनी वसुलीचे फोनच करायचे सोडले. विचारलं तर म्हणाल्या, “भाऊजी, शेवटी तुम्ही हो म्हणणारच, मग मी कशाला वाईट होऊ?”

तोच माणूस गेल्या पाडव्याच्या आधी पुन्हा माझ्याकडे आला. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, “वही वहिनींकडं असते, त्या म्हणतील तसं.” त्याला ते आवडलं नाही. पण आत जाऊन त्याने अर्धी बाकी भरली, उरलेल्याची तारीख वहिनींनी त्याच्यासमोर वहीत लिहून घेतली.